धोंड्याच्या महिन्यातले तीन कार्बोरेटर

कळंब
२४ जुलै २०२३

वैजू,

पोस्टमन गॅरेजच्या दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी नोटीस धाडली. उघडून बघतो तर तुझं अक्षर. अगं, तुझ्याकडं फोन आहे, माझ्याकडं फोन आहे आणि निमगाव सावा काही परदेशात नाही. नर्स झालीस म्हणून आता सगळं कागदावरच द्यायचं ठरवलंस का? आईला दाखवलं तर म्हणाली, "पोरीनं पत्र लिवलंय ना, मग तू बी पत्रच लिव. उगा शहाणपणा करू नको." म्हणून बसलोय लिहायला. हाताला ग्रीस आहे, डाग पडले तर समजून घे.

उत्तर घरी नको, हॉस्पिटलच्या पत्त्यावर टाक, असं तू का लिहिलंयस ते काही कळलं नाही. टाकतो तसंच. मंचरची नोकरी जूनपासून नीट चालली आहे आणि पहिल्या पाळीला तू स्वतः गाडी चालवत जातेस, एवढाच मजकूर आईनं मला दोनदा वाचायला लावला. आण्णांनी जाण्याआधी ती जुनी आठशे तुझ्या नावावर केली, ती सार्थकी लागली म्हणायची.

आता मुद्द्याचं. अधिक महिना लागलाय. सहा ऑगस्टला रविवार आहे, तू, दाजी आणि पोरगी आरोही, तिघांनी धोंड्याच्या जेवणाला यायचं. मी समाधानदाजींना फोन करून विचारलं, जावईबापू, अंगठी करू की कपडे? तर म्हणाले, "सोमाभाऊ, सोनंनाणं काय बी नको. आमच्या आठशेला मोटरसायकलचे तीन कार्बोरेटर बसवून द्या. मोबाइलवर बघितलंय मी. लई आवाज काढती गाडी."

वैजू, फोन ठेवला आणि मी थेट भंगाराकडं गेलो. इतकी वर्षं मी असलं काहीतरी करायला मिळावं म्हणून वाट बघतोय आणि गिऱ्हाईक येतं ते क्लचवायर बदलायला. तीन सिलिंडर, तीन कार्बोरेटर, ज्याचा त्याला. एका नाकपुडीनं श्वास घेणारी गाडी तीन नाकपुड्यांनी घ्यायला लागेल. भंगारातल्या दुचाक्यांचे एका मापाचे तीन काढून धुऊनसुद्धा ठेवलेत.

गाडी तुझ्या नावावर आहे म्हणून विचारतो. पण नाही म्हणू नकोस.

तुझा,
सोमादादा


मंचर
३१ जुलै २०२३

दादा,

नाही म्हणते. कारणंही लिहिते, म्हणजे नंतर तुला ऐकू आलं नाही असं व्हायला नको.

माझी पाळी सकाळी सातला सुरू होते. निमगावातून त्या वेळेला एसटी नाही. मी निघते तेव्हा नुसतं फटफटलेलं असतं आणि पारगावच्या अलीकडं रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस आहे. गेल्या महिन्यात तिथंच वळणावर दूधवाल्याच्या मोटरसायकलवर बिबट्यानं झेप घेतली. कॅन पडले म्हणून तो वाचला. स्कूटीवरून जायची माझी छाती नाही. चारी काचा वर करून मी जाते, ते त्या गाडीमुळं. गाडी आहे तोवर नोकरी आहे. गाडी गेली की मी घरात. एवढं साधं गणित आहे.

आहे तो कार्बोरेटर व्यवस्थित चालतो. चावी फिरवली की गाडी चालू होते आणि मला तिच्याकडून आणखी काही नको आहे. तुझी हौस मला कळते. लहानपणी तू माझ्या सायकलला मोपेडचं इंजिन लावायला निघाला होतास, ते अजून गुडघ्यावर आहे. पण हौस दुसऱ्या कुणाच्या गाडीवर कर.

ह्यांना अंगठी कर. बोटाचं माप मी दोऱ्यानं घेऊन पाठवते.

पत्र का लिहिते ते नंतर कधीतरी सांगेन. फोनवर मला मोकळं बोलता येत नाही, एवढं समजून घे.

वैजू


कळंब
१० ऑगस्ट २०२३

वैजू,

रागावली असशील. जेवताना धोंडा नुसता चिवडत होतीस, ते माझ्या ध्यानात आलं होतं. पण तूच सांग, मी काय करायचं? ताटाभोवती रांगोळी काढलेली, आईनं पाय धुतलेले, चुलतभाऊ-भावजया बसलेल्या आणि दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "मेव्हण्यानं वाण कबूल केलंय." जावयानं धोंड्याच्या महिन्यात तोंडानं मागितलेलं नाही म्हणायचं? गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि तूही त्या वेळी काही बोलली नाहीस.

आता झालं ते ऐक, तुझा राग जाईल. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाला लावून मी तिघांचा श्वास सारखा केला. एक जास्त ओढायला लागला की दुसरा रुसायचा. शेवटी तिन्ही एका सुरात आले तेव्हा मी कारागिरांना हातातली कामं टाकून ऐकायला बोलावलं. आईसुद्धा ओट्यावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आण्णांनी बघायला पायजे व्हतं."

चालू करायची पद्धत थोडी वेगळी आहे. थंड इंजिन असताना बॉनेट उघडायचं, तिन्ही कार्बोरेटरचे चोक वर करायचे, चावी फिरवायची आणि गाडी तापली की एकेक खाली घ्यायचा. चोकची एकच वायर आत डॅशबोर्डापर्यंत आणणार होतो, पण दाजी म्हणाले, असू द्या, असंच बरं दिसतं. ब्रेक किंचित जड लागेल, पाय जोरात दे. जुना कार्बोरेटर परत बसवायचा विचार डोक्यातून काढ, तो मी ओतूरच्या एका माणसाला देऊन टाकला. बिचारा कधीपासून शोधत होता.

व्हिडिओ टाकलाय. लोक विचारायला लागलेत.

दादा


मंचर
२८ ऑगस्ट २०२३

दादा,

तुझ्या गाडीच्या सुरानं आमची आळी रोज पहाटे उठते. पहिल्या दिवशी शेजारच्या म्हातारीला वाटलं, हेलिकॉप्टर उतरलं. आता मी निघाले की ओट्यावरून कुणीतरी म्हणतंच, "चालली बघा बाईसाब." पूर्वी मी कधी गेले आणि कधी आले, ते कुणाला कळत नव्हतं. आता पारगावपर्यंत कळतं.

पहिले काही दिवस चालूच होईना. हे ओट्यावर चहा पीत बसायचे आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभी. विचारलं तर म्हणायचे, "तुझ्या भावानं केलंय, त्याला इचार." मग माझं मीच शिकले. मधल्या कार्बोरेटरचा चोक शेवटी खाली घ्यायचा, त्याआधी घेतला की ती खोकते. आता मला झटक्यात जमतं. हाताला पेट्रोलचा वास राहतो, वॉर्डातल्या आज्या नाक मुरडतात आणि माझ्याकडून इंजेक्शन मात्र मुकाट्यानं घेतात.

आणि एक सांगते, पण फार चढून जाऊ नकोस. परवा निरगुडसरच्या पुढं रस्ता मोकळा होता. मी पाय दाबला. दादा, ती अशी निघाली की मी एकटीच मोठ्यानं हसले. किती दिवसांनी हसले असेन कुणास ठाऊक. तू चांगलं काम केलंयस. मला विचारून केलं असतंस तर जास्त चांगलं झालं असतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, आता मला सगळं जमतं म्हणून. हे म्हणाले, "जमलं व्हय?" आणि गाडीकडं बघत राहिले.

वैजू


कळंब
१६ सप्टेंबर २०२३

वैजू,

तुझं पत्र मी कारागिरांना वाचून दाखवलं. हसलेलं तेवढं वाचलं, विचारून करायचं गाळलं.

दाजी येऊन गेले परवा, गाडी घेऊन. तुझी सुट्टी होती ना त्या दिवशी? चहापाणी झालं. एक लहानसं काम होतं पेट्रोलच्या नळीचं, ते करून दिलं. तुला त्यातलं काही बघायची गरज नाही, गाडी आहे तशीच आहे. दाजी माझ्या कामाचं सगळीकडं फार कौतुक करतात. निरगुडसरला, पारगावला, आळेफाट्याला, जिथं जातील तिथं बॉनेट उघडून दाखवतात. मेव्हण्याचं एवढं कोण करतं?

गणपती बसतायत. आरोहीला पाठव चार दिवस, आई वाट बघते.

दादा


मंचर
९ ऑक्टोबर २०२३

दादा,

गाडीला काहीतरी झालंय. नीट वाच आणि नीट उत्तर दे.

पहाटे चोक वर करून चावी फिरवते. पहिल्या झटक्यात चालू होते, नेहमीसारखी. गाव सोडते, ओढा ओलांडते आणि उसाच्या मध्यावर आले की ती आचके द्यायला लागते. आधी एक सिलिंडर, मग दुसरा आणि मग सगळं शांत. पुन्हा कितीही चावी फिरवली तरी नुसता स्टार्टर ओरडतो.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी काचा वर करून आत बसून राहिले. उसात काहीतरी सळसळत होतं. कुत्रं असेल, डुक्कर असेल, पण दार उघडायला हात धजेना. उजाडल्यावर एक ट्रॅक्टरवाला आला, त्याच्या मागून चालत घरी आले. हे ओट्यावर होते. म्हणाले, "आलीस? अगं, असली गाडी बायामाणसाचं काम न्हाई. उगा हट्ट करती." मग शेजाऱ्याच्या स्कूटीवर मागं बसून गेले आणि आठशे स्वतः चालवत घरी घेऊन आले. त्यांच्या हातात गाडी काहीच कुरकुर करत नाही.

आठवड्यातून दोनदा असं होतंय. रोज नाही. रोज झालं असतं तर मी मेकॅनिककडं टाकली असती. सिस्टरइनचार्जनं मला दोनदा समज दिली आहे. दादा, तिला सांगायला माझ्याकडं काही नाही. दर आठवड्याला गाडी बंद पडते असं सांगणारी बाई खोटारडीच वाटते.

माझं काय चुकतंय? चोक जास्त वेळ वर राहतोय का? पेट्रोलची टाकी भरलेली असते, मी बघते. कार्बोरेटर तू बसवलेस, तुलाच कळणार. लवकर लिही.

वैजू


कळंब
१७ ऑक्टोबर २०२३

वैजू,

तुझं पत्र वाचलं. काळजी करण्यासारखं नसावं. कार्बोरेटरच्या वाटीत किती पेट्रोल यायचं ते ठरवणारा फ्लोट असतो, तो कधीकधी अडकतो. पावसाचं पाणी पेट्रोलमध्ये उतरलं असेल तरी असं होतं. थंडी पडायला लागली की पेट्रोल-हवेचं मिक्स्चर थोडं बदलावं लागतं. शिवाय तू ओढ्याच्या चढाला एकदम पाय देत असशील. हळू दाबत जा.

भाऊबीजेला येशीलच, तेव्हा बघू. तोवर एक कर. पहाटे निघण्याआधी दाजींना एकदा बॉनेट उघडून नजर टाकायला सांगत जा. त्यांना गाडीची सवय आहे. गोडीगुलाबीनं सांग, वाद घालू नकोस. नवराबायकोत एवढ्या तेवढ्यावरून काही होऊ नये.

आरोहीचा फ्रॉक इथं राहिलाय. आई बरी आहे.

दादा


निमगाव सावा
२७ नोव्हेंबर २०२३

दादा,

हॉस्पिटलच्या पत्त्यावर आता काही टाकू नकोस. वेळेवर न येणारी बाई त्यांना नको झाली आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. सलाइन संपलेला पेशंट माझ्या गाडीची वाट बघत थांबत नाही. एक तारखेपासून माझ्या जागेवर दुसरी मुलगी येते आहे. यापुढं पत्र टाकायचंच असलं तर गावातल्या सारजाबाईंच्या गिरणीच्या पत्त्यावर टाक. दळण आणायला जाते तेव्हा त्या देतात.

पत्र का लिहिते, ते नंतर सांगेन म्हटलं होतं. समाधान रोज संध्याकाळी माझा फोन चार्जिंगला लावतो. त्याआधी सगळा वाचतो. कुणाचा आला, किती वेळ बोलले, डॉक्टर कोण, वॉर्डबॉय कोण. भांडत नाही. नोकरी सोड, असं त्यानं एकदाही म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले असते, आईला सांगितलं असतं, त्याच्या चुलत्यांना बसवून विचारलं असतं. पाहुण्यांत तो मला "आमची स्टाफ नर्स" म्हणून मिरवतो. नोकरी मीच घालवली, गाडी मला झेपली नाही, असंच आता सगळा गाव म्हणतो. मलासुद्धा तसंच वाटत होतं.

परवा तो आळेफाट्याला गेला, मित्राच्या गाडीतून. आठशे दारात होती. मी बॉनेट उघडलं. आण्णा आपल्याला सांगायचे तसं, पेट्रोल जिथून येतं तिथून नळीवर बोट ठेवत निघाले. बॅटरीच्या मागं काळ्या रबराचा एक तुकडा होता. उचलला. खाली मोटरसायकलचा पेट्रोल कॉक. बंद केलेला.

मोटरसायकल चालवणाऱ्या कुठल्याही पोराला माहीत असतं, कॉक बंद असला तरी गाडी चालू होते. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर थोडी जाते आणि मग बंद पडते. पण चारचाकीला कॉक असतो, हे माझ्या डोक्यात कुठून यावं? तो रात्री झोपण्याआधी कॉक बंद करत होता. रोज नाही, त्याला वाटेल तेव्हा. आणि तेवढ्या पेट्रोलवर गाडी बरोबर उसापर्यंत पोचत होती. दादा, त्याला माहीत होतं ती कुठं बंद पडणार.

नळीच्या दोन्ही क्लिपांची टोकं आत वळवलेली होती, कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून. आपल्या गॅरेजमध्ये क्लिप अशी लावतात. आण्णांनी तुला शिकवलं तेव्हा मी शेजारी बसले होते.

मग तुझं ऑक्टोबरचं पत्र काढलं. फ्लोट, पावसाचं पाणी, थंडी. आणि शेवटी, निघण्याआधी दाजींना बॉनेट उघडायला सांगत जा. म्हणजे ते लिहिताना तुला माहीत होतं. माझ्या बिघाडाचं कारण तुला माहीत होतं आणि तू मला त्या माणसाकडं गोडीगुलाबीनं जायला सांगितलंस.

भाऊबीजेला मी तुला ओवाळत होते. भावजय म्हणाली, वन्सं सुकल्यात. समाधान म्हणाला, "गाडी झेपंना तिला." सगळे हसले. तूही हसलास. हातात ताट होतं म्हणून मी खाली बघितलं. ताट नसतं तर काय केलं असतं मला माहीत नाही.

मी समाधानला काही बोललेले नाही. कॉक होता तसा बंद करून रबर चिकटवून ठेवलं आहे. मला तुझ्याकडून गाडी दुरुस्त करून नको. एकच सांग. तो कॉक बसवताना तो कशासाठी आहे असं तुला वाटलं होतं?

वैजयंती


कळंब
६ डिसेंबर २०२३

वैजू,

तू पूर्ण नाव लिहिलंस, ते फार लागलं. मी कुणी परका आहे का?

जे झालं ते सांगतो. सप्टेंबरात दाजी आले आणि म्हणाले, "गाडीचं लई नाव झालंय, कोण तरी उचलून नेईल. असा एक चोरकॉक बसवा, की घेऊन गेला तरी गावाबाहेर जाऊन बंद पडंल." मला डोकं आवडलं. चोरखिसा असतो तसा चोरकॉक. म्हणाले, घरात कुणाला सांगू नका, बायकांच्या तोंडात ऱ्हात न्हाई. मी शब्द दिला. नंतर तुझं पत्र आलं तेव्हा मनात शंका आली, हो, आली. पण नुसत्या शंकेवरून बहिणीच्या संसारात हात घालायचा का? मला वाटलं दाजी विसरत असतील उघडायला. माणूस विसरतो. म्हणून मी आडून सुचवलं. उघड लिहिलं असतं आणि तुम्हा दोघांत जुंपली असती, तर पोरीला घेऊन कुठं आली असतीस? इथंच ना? आईचं वय काय, इथली जागा केवढी, याचाही विचार मला करावा लागतो.

कॉक मी काढून देतो, कधीही गाडी आण. फक्त दाजींना काय सांगायचं ते तू ठरव, कारण मी शब्द मोडला असं व्हायला नको. नोकरी काय, दुसरी मिळेल. तुझा हात चांगला आहे.

आईला यातलं काही बोललो नाही. तूही बोलू नकोस.

आणि हे तुला सांगावं की नाही असं वाटत होतं, पण लपवलं असं पुन्हा म्हणशील. निरगुडसरचा ऋतिक म्हणून एक जण दाजींच्या ओळखीनं आलाय. त्याच्याकडंही आठशेच आहे. त्याची बायको आरती घोडेगावच्या मुलींच्या शाळेत शिकवते, गाडी जास्त करून तीच नेते. त्याला तीन कार्बोरेटर पाहिजेत आणि दाजींच्या गाडीला आहे तसा चोरकॉकही. दाजींनीच दाखवला त्याला. चोऱ्या वाढल्यात, असं तोही म्हणतो. मी बघू म्हणालो. नाही म्हटलं तर तो दुसरीकडून बसवून घेईल आणि ते लोक नळी कशीतरी लावतात, आग लागायची भीती. माझ्या हातून निदान नीट तरी होईल. गाडी सोमवारी येतेय.

तूच सांग, मी काय करू?

दादा


निमगाव सावा
१३ डिसेंबर २०२३

सौ. आरतीताई,

तुम्ही मला ओळखत नाही. शाळेच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवते आहे. हे पत्र घरी नेऊ नका, वाचून झालं की शाळेतच फाडून टाका.

तुमची गाडी या सोमवारी कळंबला एका गॅरेजमध्ये गेली आहे. ती परत येईल तेव्हा तिला मोटरसायकलचे तीन कार्बोरेटर असतील. ती मोठ्यानं ओरडेल, पण पळेल छान. घाबरू नका, पाय द्या. थंड असताना बॉनेट उघडून तिन्ही चोक वर करायचे, चालू झाल्यावर एकेक खाली घ्यायचा, मधला शेवटी. तुम्हाला हे कुणी सांगणार नाही, म्हणून लिहिलं. ब्रेकला पाय जोरात द्यावा लागतो.

आता मुख्य. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली आणि थोडं अंतर जाऊन बंद पडली, तर तुमचं काही चुकलेलं नाही. चोकचं काही नाही, पेट्रोलमध्ये पाणी नाही, तुम्हाला गाडी येत नाही असंही नाही. खाली उतरायच्या आधी आजूबाजूला बघून घ्या. बॉनेट उघडा. बॅटरीच्या मागं काळ्या रबराचा तुकडा चिकटवलेला असेल. तिथं नसला तर टाकीकडून पेट्रोल जिथून इंजिनाशी येतं तिथून नळीवर बोट ठेवत या, कुठंतरी सापडेल. त्याच्याखाली मोटरसायकलला असतो तसा पेट्रोलचा कॉक आहे. नळीच्या रेषेत वळवला की उघडतो. उघडल्यावर थोडा वेळ स्टार्टर मारा, पेट्रोल पुढं येऊ द्या. गाडी चालू होईल. शाळेत पोचून झालं की घरी परतताना, दारात गाडी लावायच्या आधी, कॉक पुन्हा बंद करून ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी बंद करून ठेवते, म्हणजे तो मला सापडलाय हे कळत नाही. गेले काही दिवस मी आरोहीला, म्हणजे माझ्या मुलीला, शाळेत सोडायच्या निमित्तानं नारायणगावपर्यंत जाऊन येते आहे. तिथल्या दवाखान्यात माझं बोलणं चाललं आहे. घरात कुणाला माहीत नाही.

तुमचे मिस्टर कदाचित खरंच चोरांना भीत असतील. तसं असेल तर ते कॉकची जागा तुम्हाला पहिल्याच दिवशी दाखवतील आणि मग या पत्राबद्दल मला माफ करा. दाखवतात का, तेवढी वाट बघा.

मला हे कसं माहीत, असं तुम्हाला वाटेल. गॅरेजवाला माझा सख्खा भाऊ आहे. मी काय करू म्हणून त्यानं मला पत्रातून विचारलं होतं. त्याला मी उत्तर लिहिलं नाही, तुम्हाला लिहिलं. त्याच्याशी भांडायला जाऊ नका. तो वाईट माणूस नाही, कामही सुबक करतो आणि गिऱ्हाईक जे मागेल ते बसवून देतो. म्हणून तुमच्यानंतर तिथं कुणाची गाडी गेली आणि ती कोणती बाई चालवते, हे तुमच्या कानावर आलं, तर तिचं नाव मला सारजाबाईंची गिरणी, निमगाव सावा, या पत्त्यावर कळवा.

वैजयंती